उन्हाळ्यात भरत नाही, हिवाळ्यात लवकर संपते: मॅग्नेशियम हायड्राइडच्या उष्णता साठवणीची दरवर्षीची तक्रार

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल.

मॅग्नेशियम हायड्राइडचा (मॅग्नेशियम आणि हायड्रोजनच्या संयुगाचा) छोटा संच आहे. दिवसा आरशाच्या डिशनं एकवटलेल्या उन्हानं किंवा सौर पॅनलवर चालणाऱ्या हीटरनं तो तापतो आणि रात्री उष्णता परत देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळं सुरळीत चालतं. जानेवारीच्या थंडीत रात्री अकरा-बारापर्यंतच उष्णता मिळते, पुढे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचं तापमान ढासळतं. फेब्रुवारीत पुन्हा बरं वाटतं. एप्रिल उजाडला की दुपारी मॅग्नेशियम तापत राहतं, पण हायड्रोजन पलीकडच्या भांड्यात जातच नाही. मे महिन्यात संच निम्माही भरत नाही. पाऊस पडून हवा गार झाली की थोडा सुधारतो. पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा, आणि दर वर्षी मागच्यापेक्षा थोडं जास्त वाईट.

जळगाव-धुळ्याकडे अशा संचांवर काम करणारी मुलं मेमध्ये हमखास विचारतात, "सर, पावडर मेली का?" बहुतेक वेळा पावडर मेलेली नसते. दोष मॅग्नेशियमच्या भांड्यात नसतो, त्याच्या जोडीदाराकडे असतो. सगळे गरम बाजूकडे बघत बसतात आणि थंड बाजूकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दोन भांडी, एक व्हॉल्व्ह

मॅग्नेशियम हायड्राइडला पुरेशी उष्णता दिली की ते हायड्रोजन सोडतं आणि मागे साधं मॅग्नेशियम उरतं. ही उष्णता एका मोल हायड्रोजनमागे सुमारे ७५ किलोज्यूल असते. रात्री तोच हायड्रोजन परत मॅग्नेशियमवर सोडला की तेवढीच उष्णता बाहेर पडते, तीही ३०० अंशांच्या आसपास. वजनाच्या मानानं ही साठवण फार दाट आहे. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन मावतो. व्यवहारात ६ टक्के हाती लागतो असं धरलं तरी १० किलो हायड्राइडमधून ६ युनिटांहून थोडी जास्त उष्णता मिळते.

पण दिवसा सुटलेला हायड्रोजन कुठेतरी ठेवायला हवा. त्यासाठी दुसरं, थंड भांडं असतं, आणि दोन्हींच्या मध्ये एक व्हॉल्व्ह. त्यात बहुतेक ठिकाणी लँथनम-निकेल मिश्रधातू (एका लँथनममागे पाच निकेल) असतो, कारण तो नेहमीच्या हवेच्या तापमानाला काही बार दाबावर हायड्रोजन शोषतो आणि सोडतो. त्यात वजनाच्या साधारण १.२ ते १.४ टक्केच हायड्रोजन मावतो. म्हणून १० किलो मॅग्नेशियम हायड्राइडच्या जोडीला हा मिश्रधातू ५० किलोच्या आसपास लागतो.

आता कळीची गोष्ट. हा मिश्रधातू हायड्रोजन शोषतो तेव्हा तोही उष्णता बाहेर टाकतो, एका मोलमागे सुमारे ३१ किलोज्यूल. म्हणजे डिशनं मॅग्नेशियमला दिलेल्या उष्णतेच्या जवळजवळ ४० टक्के उष्णता दिवसभरात थंड भांड्यातून काढून टाकावी लागते. रात्री तेवढीच त्याला परत द्यावी लागते, नाहीतर ते हायड्रोजन सोडत नाही. नकाशावर हे भांडं "हायड्रोजन टाकी" म्हणून एका कोपऱ्यात काढलेलं असतं. प्रत्यक्षात ते उष्णतेचं दुसरं यंत्र आहे, आणि खान्देशच्या हवेत सगळा संच त्याच्यावरच तोलून उभा असतो.

हिशोब करून बघा

प्रत्येक हायड्राइडचा तापमानानुसार ठरलेला समतोल दाब असतो, म्हणजे ज्या दाबाला हायड्रोजनचं शोषण आणि सुटणं सारखं होतं तो दाब. तो काढायची सूत्रं अगदी साधी आहेत. तापमान केल्विनमध्ये घ्या (अंश सेल्सियस अधिक २७३).

मॅग्नेशियमसाठी: दाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम = १६.२४ वजा (८९६१ भागिले तापमान).
लँथनम-निकेलसाठी: दाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम = १२.९९ वजा (३७०५ भागिले तापमान).

उत्तर बारमध्ये आणि निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेल्या) दाबात येतं. मिश्रधातूच्या घडणीप्रमाणे तुमचे स्थिरांक थोडे वेगळे असतील. शिवाय शोषतानाचा दाब सोडतानाच्या दाबापेक्षा काहीसा जास्त असतो. पण निदानाला एवढं पुरतं.

समजा दुपारी मॅग्नेशियम ३४० अंशांवर आहे. त्याचा समतोल दाब निघतो ५ बार. थंड भांडं ३० अंशांवर असेल तर त्याचा दाब २.२ बारच्या आसपास. ५ कडून २.२ कडे हायड्रोजन जोरात वाहतो आणि संच भरतो. आता तेच थंड भांडं ५५ अंशांवर गेलं तर त्याचा दाब होतो जवळपास ५.५ बार. समोर ५, इकडे ५.५. हायड्रोजन पलीकडे जाणारच नाही. मॅग्नेशियम ठणठणीत, डिश ठणठणीत, ऊन रणरणतं, आणि भरणं बंद.

भांडं ५५ अंशांवर जातं कसं, याचं आश्चर्य वाटायला नको. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. पण हवामान खात्याचे ४५ सावलीतल्या मोकळ्या हवेचे असतात. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या भांड्याभोवतीची हवा त्याहून बरीच तापलेली असते. त्यात भांडं स्वतः उष्णता बाहेर टाकतंय. दहा अंशांचा फरक सहज पडतो.

जानेवारीत उलटं होतं. धुळ्याकडे पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. रात्री मॅग्नेशियमला हायड्रोजन देताना थंड भांडं स्वतःची उष्णता गमावतं आणि हवेपेक्षा आणखी गार होतं. ते शून्यावर आलं तर त्याचा दाब ०.५६ बार उरतो. एवढ्या दाबावर मॅग्नेशियम २६० अंशांच्या वर उष्णता देऊच शकत नाही. तुमच्या तेलाला २८० अंश हवे असतील तर संच रिकामा वाटेल. खरं तर थंड भांड्यात निम्मा हायड्रोजन तसाच पडून असतो.

म्हणजे उन्हाळ्याचं दुखणं आणि हिवाळ्याचं दुखणं ही एकाच दोषाची दोन टोकं आहेत.

दर वर्षी थोडं जास्त वाईट का होतं

हा भाग नीट वाचा. ऋतूनुसार येणारी अडचण कायमची होते ती इथून.

०.५६ बार म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. एरवी फिटिंगमधून बारीकशी गळती असेल तर हायड्रोजन बाहेर जातो. नुकसान होतं, पण आत काही शिरत नाही. थंडीच्या पहाटे मात्र तीच गळती हवा आत ओढून घेते. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही पावडरींच्या पृष्ठभागाला लागतात. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि तेवढं मॅग्नेशियम पुढे कामाचं राहत नाही. नायट्रोजन थंड भांड्यात कुणाशी रासायनिक क्रिया करत नाही, पण तोही निरुपद्रवी नाही. दर शोषणात हायड्रोजन पावडरीत शिरतो आणि नायट्रोजन बाहेरच साचत राहतो. भांड्याच्या शेवटच्या टोकाला त्याची गादी तयार होते आणि हायड्रोजनला पावडरीपर्यंत पोचू देत नाही. टक्क्याचा छोटासा अंशही काही फेऱ्यांत शोषण मंदावतो.

म्हणून जानेवारीत आत आलेली हवा मेमध्ये त्रास देते. मेमध्ये दुरुस्ती करणाऱ्याला जानेवारी आठवत नाही, आणि दोष सापडत नाही.

दुसरी साखळी उन्हाळ्यातली आहे. हायड्रोजन सुटत असतो तोवर मॅग्नेशियमचं तापमान आटोक्यात राहतं, कारण येणारी उष्णता त्या क्रियेत खर्च होते. थंड बाजू तुंबली की ही वाट बंद होते. डिशची उष्णता मात्र येतच राहते, आणि भांड्याची भिंत ४०० च्या वर जाते. तापलेले मॅग्नेशियमचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, हायड्रोजनला आत शिरायला जास्त वेळ लागतो. हे नुकसान परत भरून येत नाही.

आणि यात जिवाचा धोकाही आहे. ३४० अंशांना ५ बार असणारा समतोल दाब ४०० अंशांना १९ बारच्या जवळ जातो आणि ४५० अंशांना ४७ च्या आसपास. मधला व्हॉल्व्ह बंद आणि डिश सूर्याकडे रोखलेली, ही स्थिती क्षणभरही येऊ देऊ नका. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी डिश उन्हावरून फिरवायची किंवा हीटर बंद करायचा, हा क्रम प्रत्येकाच्या हाताला बसला पाहिजे. सुरक्षा व्हॉल्व्ह मॅग्नेशियमच्या भांड्यावरच हवा, मधल्या व्हॉल्व्हच्या पलीकडे असून उपयोग नाही. त्याची नळी शेडच्या छपरावरून उघड्या हवेत काढलेली असावी.

निदान: कोणत्या क्रमानं बघायचं

आधी मोजमाप तपासा. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. साधा प्रेशर गेज हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. सूत्राला निरपेक्ष दाब लागतो. गेज ४ दाखवत असेल तर खरा दाब ५ आहे. शून्याखाली न वाचणारा गेज थंडीत काटा शून्यावर टेकवून बसतो, आणि आत निर्वात तयार झाल्याचं कुणाला कळत नाही. निर्वात आणि दाब दोन्ही दाखवणारा गेज लावा, किंवा निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर घ्या.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे आहे तेही बघा. भिंतीला चिकटवलेलं थर्मोकपल भिंतीचं तापमान सांगतं. पावडरीची उष्णतावाहकता फार कमी असते, त्यामुळे भिंत आणि गाभा यांत पन्नास अंशांचा फरकही पडू शकतो. एक थर्मोकपल गाभ्यापर्यंत जाणाऱ्या नळीत असलंच पाहिजे, दोन्ही भांड्यांत.

मग विश्रांतीची चाचणी. संच साधारण अर्धा भरलेला असताना डिश फिरवा, मधला व्हॉल्व्ह बंद करा, आणि दोन्ही भांड्यांचे तापमान व दाब स्थिर होऊ द्या. अर्धा भरलेला असण्याला कारण आहे. पूर्ण भरलेल्या भांड्यात दाब झपाट्यानं चढतो आणि पूर्ण रिकाम्यात कोसळतो, तिथे सूत्र लागू पडत नाही. आता दोन्ही बाजूंचा मोजलेला दाब सूत्राशी ताडून बघा.

थंड भांड्याचा दाब सूत्राशी जुळतो, पण भांडंच गरम आहे? मग पावडर निर्दोष आहे, अडचण उष्णता बाहेर टाकण्याची आहे. पंखा, पंप, रेडिएटरच्या जाळ्या बघा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू असतात. ते जाळीत अडकतात, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि एप्रिलपर्यंत जाळीचं जाड कापड होतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर नळ्यांत क्षार साचलेले असतात, तेही काढा.

थंड भांड्याचा दाब सूत्रापेक्षा स्पष्ट जास्त आहे? परका वायू साचला आहे. खात्री करायला भांड्याच्या बंद टोकाकडून थोडासा वायू सोडा आणि थांबा. दाब खाली जाऊन पुन्हा पहिल्या जागी आला तर तो हायड्रोजनच होता, पावडरीनं तो भरून काढला. खाली जाऊन खालीच स्थिरावला तर तुम्ही नायट्रोजन बाहेर काढलात. दाब सूत्राशी जुळेपर्यंत असं थोडं-थोडं सोडत राहा. ही नळी शेडच्या बाहेर, छपराच्या वर, कुठल्याही ज्योतीपासून आणि मोटारीच्या ठिणगीपासून लांब उघडली पाहिजे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तो आढ्याखाली साठतो, म्हणून आढ्याला कायम उघडी झडप हवी.

मॅग्नेशियमचा दाब सूत्रापेक्षा कमी आहे? एक तर थर्मोकपल भिंतीचं तापमान दाखवतंय, नाहीतर हायड्रोजन खरोखर कमी झाला आहे. तापलेल्या पोलादातून हायड्रोजन हळूहळू झिरपून जातोच. साधं कार्बन पोलाद या तापमानाला वापरूच नका, हायड्रोजन त्यातल्या कार्बनवर हल्ला करतो आणि पोलाद आतून तडकतं. ३१६ एल जातीचं स्टेनलेस घ्या.

दोन्ही दाब जुळतात, थंड भांडंही गार आहे, तरी वहन मंद आहे? मग बारीक छिद्रांची फिल्टर-चकती भुकटीनं बंद झाली आहे. लँथनम-निकेल हायड्रोजन शोषताना सुमारे एक चतुर्थांश फुगतो, सोडताना आकसतो. या फुगण्या-आकसण्यात त्याचा पार मैदा होतो आणि तो तळाशी घट्ट बसतो. उभ्या भांड्यात तो खालची भिंत बाहेर ढकलतो. भांड्याच्या तळाचा घेर दर वर्षी मोजून ठेवा. घेर वाढत असेल तर ते भांडं वापरातून काढा, त्यावर वाद नको. नव्यानं बनवत असाल तर आडवं, आत कप्पे असलेलं आणि फुगायला जागा ठेवलेलं भांडं बनवा.

हायड्रोजन टाकत राहू नका

एसीचा गारवा कमी झाला की मेकॅनिक गॅस टाकून देतो, त्या सवयीनं इथे सिलिंडर जोडला जातो. भरत नाही, मग आणखी हायड्रोजन भरू. मेमध्ये हे केलंत तर तुंबलेल्या संचात दाब आणखी वाढतो, नायट्रोजन आहे तिथेच राहतो, आणि सिलिंडरचा हायड्रोजन कमी शुद्ध असेल तर बाष्प आत जातं ते वेगळं. ४७ लिटरच्या एका सिलिंडरमध्ये १५० बारला सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ०.६ किलोच्या जवळपास हायड्रोजन असतो. १० किलो मॅग्नेशियम हायड्राइडच्या संचाचा जवळजवळ सगळा साठा एवढाच आहे. म्हणजे एक सिलिंडर "थोडासा" म्हणून टाकणं हे साठा दुप्पट करणं आहे. आधी विश्रांतीची चाचणी, मग गळती शोधणं, आणि हायड्रोजन खरंच कमी निघाला तरच ९९.९९९ टक्के शुद्धतेचा हायड्रोजन मोजून भरणं. सिलिंडर आणि दाबपात्रांना पेसोचे (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे) नियम लागू होतात. त्यांचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. महाविद्यालयाचा संच असला तरी ही परवानगीची बाजू आधी बघा.

मिश्रधातू बदलायचा सल्लाही काही जण देतात. लँथनम-निकेलमध्ये थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलं की समतोल दाब खाली येतो आणि उन्हाळ्यात संच छान भरतो. हे खरं आहे. पण तोच कमी दाब जानेवारीत आणखी खाली जातो, निर्वात आणखी खोल होतो, हवा आणखी शिरते. बारा महिने २५ अंश असणाऱ्या प्रयोगशाळेत तो मिश्रधातू चांगला. धुळ्यात नाही. आपल्याकडे पहाटेच्या ८ पासून दुपारच्या ४५ पर्यंत हवा फिरते, आणि एवढा पल्ला कुठलाच मिश्रधातू एकटा सांभाळू शकत नाही. पल्लाच कमी करायला हवा.

उपाय: एक ड्रम पाणी

दिवसा थंड भांडं जेवढी उष्णता बाहेर टाकतं, जवळपास तेवढीच रात्री त्याला परत हवी असते. मग ती हवेत का फेकायची? पाण्यात ठेवा.

१० किलो मॅग्नेशियम हायड्राइडच्या संचात, ६ टक्के हायड्रोजन धरला तर ३०० मोल होतात. थंड बाजूची उष्णता होते सुमारे ९,२०० किलोज्यूल. २०० लिटर पाणी एवढ्या उष्णतेनं ११ अंश तापतं. बाजारात मिळणारा साधा २०० लिटरचा ड्रम यासाठी पुरतो.

सकाळी ड्रम २५ अंशांवर असेल तर संध्याकाळी ३६ होईल. भांडं पाण्यापेक्षा आठ अंश गरम राहतं असं धरा, म्हणजे ४४. त्या तापमानाला समतोल दाब ३.७ बार. समोर मॅग्नेशियम ५ बारवर आहे, म्हणजे भरणं चालू राहतं. हिवाळ्यात रात्र सुरू होताना ड्रम ३० वर असेल तर पहाटे १९ वर येईल. भांडं आठ अंश गार, म्हणजे ११ अंशांवर. दाब ०.९५ बार. मॅग्नेशियम २७७ अंशांपर्यंत उष्णता देतं, आणि दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास राहतो, त्यामुळे हवा फारशी आत ओढली जात नाही. बाहेर ४५ असोत की ८, थंड भांड्याला ते कळतच नाही.

ड्रमला बाहेरून चांगलं जाड उष्णतारोधक आवरण हवं, ग्लासवूल किंवा थर्माकोल, वर पाणी न शोषणारा पत्रा. जागा शेडच्या उत्तरेला, सावलीत. निम्मा जमिनीत पुरता आला तर उत्तमच. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला उष्ण वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी लावतात. तशी शेवरीची ओळ ड्रम आणि रेडिएटरच्या पश्चिमेला लावली तर दुपारची झळ बरीच कमी होते. पाणी एकदाच भरायचं आहे, तेव्हा बोअरचं न भरता क्षारमुक्त पाणी भरा, म्हणजे नळ्या स्वच्छ राहतील.

संच रोज रात्री पूर्ण रिकामा होत नसेल तर ड्रम दिवसागणिक थोडा-थोडा तापत जातो. त्यासाठी ड्रमला जोडून डेझर्ट कूलरचा वाळ्याचा किंवा लाकडी तंतूंचा पॅड आणि छोटा पंप ठेवा, आणि उष्णता बदलणारी नळी मध्ये घाला, म्हणजे धूळ ड्रममध्ये जाणार नाही. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की ४५ अंशांतही ओला पॅड पाणी पंचविशीपर्यंत गार करू शकतो, रात्री त्याहून सोपं. पावसाळ्यात हा पॅड काही करत नाही, पण तेव्हा त्याची गरजही नसते. हिवाळ्यात पॅड बंद ठेवा. जानेवारीत कूलर चालू राहिल्यानं संच मार खातो.

भांड्याच्या आतही काम असेल तर ते याच वेळी करा. पावडर नुसती ओतलेली असेल तर उष्णता गाभ्यातून भिंतीपर्यंत यायला फार वेळ लागतो, आणि वरचा आठ अंशांचा फरक वीस होतो. फुगवलेलं ग्रॅफाइट मिसळून दाबलेल्या वड्या, किंवा पावडरीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, यानं फार फरक पडतो. हे काम मात्र आर्गॉन वायूच्या बंद पेटीत, हवा लागू न देता करायचं आहे. हायड्रोजनच्या फेऱ्या झालेली पावडर हवेत आपोआप पेट घेऊ शकते. मॅग्नेशियमला आग लागली तर पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. तापलेलं मॅग्नेशियम दोन्हींतून ऑक्सिजन काढून घेतं, आणि पाण्यातून वर हायड्रोजनही सोडतं. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची ड वर्गाची पावडरच. वाळूची बादली झाकून, कोरडी राहील अशी ठेवा.

बाष्पानं किंवा कार्बन मोनॉक्साइडनं मंदावलेला लँथनम-निकेल बऱ्याच अंशी परत येतो. भांडं ८०-९० अंशांपर्यंत गरम करून काही तास निर्वात पंपावर ठेवा, मग शुद्ध हायड्रोजनच्या काही भर-रिकाम्या फेऱ्या द्या. मॅग्नेशियमवर चढलेला ऑक्साइड मात्र असा जात नाही.

हायड्राइड खरंच हवं आहे का

हे विचारायलाच हवं, कारण पैसा तुमचा आहे. नंदुरबारच्या मिरचीला, कांद्याच्या निर्जलीकरणाला, केळीच्या चिप्स वाळवायला ६० ते ८० अंशांची हवा लागते. त्यासाठी गरम पाण्याची टाकी किंवा दगडांचा थर पुरेसा आहे, तिथे मॅग्नेशियम नको. हायड्राइडची खरी जागा २५० अंशांच्या वर आहे: थर्मिक तेल, दाबाची वाफ, भाजण्याची भट्टी. जर्मनीत म्युलहाइमला बोरिस्लाव्ह बोगदानोविच यांनी मॅग्नेशियम हायड्राइडवर अनेक वर्षं काम केलं ते अशाच तापमानाच्या वाफेसाठी. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, पण तो विजेचा. दिवसाची वीज रात्रीच्या उच्च तापमानाच्या कामासाठी उष्णतेच्या रूपात ठेवता आली तर इथल्या कारखान्यांच्या कोळशाचा आणि लाकडाचा बराच भार हलका होईल. म्हणूनच हे संच नीट चालावेत असं मला मनापासून वाटतं.

कधी काय करायचं

दिवाळी झाली की, थंडी पडायच्या आत, सगळ्या फिटिंगची गळती तपासा. त्या वेळी आत दाब असतो, त्यामुळे साबणाच्या पाण्यानं आणि हायड्रोजनच्या डिटेक्टरनं गळती सापडते. पहाटे निर्वात झाल्यावर ती सापडत नाही. मकर संक्रांतीच्या आसपास पहाटेचा दाब रोज वहीत लिहा. तो ०.९ बारच्या खाली जाऊ लागला तर रात्रीचा उपसा कमी करा किंवा ड्रमला थोडी उष्णता द्या. जिनिंगचा हंगाम संपला की रेडिएटर धुवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी विश्रांतीची चाचणी करा, परका वायू काढून टाका, कूलरचा पॅड बदला आणि सुरक्षा व्हॉल्व्ह तपासून घ्या.

एवढं करूनही भरत नसेल तर इथे विचारा, पण पुढची माहिती सोबत द्या: दोन्ही भांड्यांच्या गाभ्याचं तापमान, दोन्हींचा निरपेक्ष दाब, व्हॉल्व्ह बंद की उघडा, ड्रमचं सकाळ-संध्याकाळचं तापमान, आणि मिश्रधातूची नेमकी घडण. दुपारी दोनचे आणि पहाटे पाचचे, असे दोन्ही वेळचे आकडे हवेत.